कोकणातून परदेशी: रोटरी फ्रेंडशिप एक्स्चेंजच्या दौऱ्याची तयारी कशी करावी

रोटरी फ्रेंडशिप एक्स्चेंज म्हणजे दोन देशांतल्या दोन रोटरी डिस्ट्रिक्टमधली, म्हणजे एकेका भागातल्या रोटरी क्लबांच्या समूहांमधली, घरोब्याची ये-जा. आपला आठ-दहा जणांचा गट तिकडे जातो, तिथल्या क्लबच्या सभासदांच्या घरी राहतो, जेवतो, त्यांच्यासोबत कामाच्या जागा पाहतो. मग तिकडचा गट आपल्याकडे येतो. रोटरीचा जुना ग्रुप स्टडी एक्स्चेंज 1965 पासून रोटरी फाउंडेशनच्या पैशावर चालत असे. तो 2013 मध्ये बंद झाला. फ्रेंडशिप एक्स्चेंजला असे अनुदान नसते. विमानभाडे, व्हिसा आणि विमा ज्याचा त्याने भरायचा. राहणे, जेवण आणि गावातला प्रवास सहसा यजमान पाहतात. रोटरीचे सभासद नसलेल्यांनाही यात जाता येते. बागायतदार, शिक्षिका, लोककलावंत असे लोक गटात असले तर दौऱ्याला खरी रंगत येते.

आधी इथली घरे मोजा

बहुतेक गट सुरुवात देश निवडण्यापासून करतात. आमच्या मते सुरुवात आपल्या गावातल्या खोल्या मोजण्यापासून व्हावी. उलट भेटीला आलेल्यांना रिसॉर्टवर उतरवले की त्यांनी दिलेल्याची परतफेड झाली नाही असे समजा. दहा पाहुण्यांना, त्यात जोडपी धरली तर, एका मुक्कामी पाच-सहा घरे लागतात. प्रत्येक घरात स्वतंत्र खोली, कमोड, गरम पाणी, खिडक्यांना जाळी किंवा मच्छरदाणी आणि कामापुरते इंग्रजी बोलणारा एक माणूस हवा. दापोली, रत्नागिरी, मालवण असे तीन मुक्काम धरले, तर अशी पंधरा-अठरा घरे आजच कागदावर दिसली पाहिजेत. दिसत नसतील तर गट सहाचा करा.

पाहुण्यांना नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात बोलवा. परदेशी नागरिक घरी उतरला की यजमानाला 24 तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन फॉर्मने (पूर्वीचा फॉर्म सी) कळवावी लागते. प्रत्येक मुक्कामी ही जबाबदारी एकाच माणसाकडे द्या. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती पाहुणे निघण्यापूर्वीच मागवून ठेवा.

तारखा ठरवणे

कोकणी माणसाच्या वर्षात सलग पंधरा दिवस मोकळे सापडणे सोपे नसते. एप्रिल-मे आंब्याचा, जून-जुलै लावणीचा, गणपतीत कोणी हलणार नाही, ऑक्टोबरात कापणी, पुढे शिमगा. मच्छीमार कुटुंबांना 1 जून ते 31 जुलै ही मासेमारीबंदी सोयीची. युरोपसाठी दोन मोकळ्या जागा उरतात: मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य, किंवा गणपती उशिरा असतील त्या वर्षी ऑगस्टचा उत्तरार्ध.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेगळे वेळापत्रक असते आणि गाड्या हळू धावतात. दरड कोसळली तर दिवसच जातो. जूनच्या मध्यानंतर मुंबईहून उड्डाण असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत मुंबईत पोहोचा. रात्रीच्या गाडीने निघून सकाळचे विमान पकडण्याचा हिशेब करू नका.

जोडीदार आणि करार

आपल्या क्लबच्या अध्यक्षांमार्फत डिस्ट्रिक्टच्या फ्रेंडशिप एक्स्चेंज समितीला लिहा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचे क्लब डिस्ट्रिक्ट 3170 मध्ये येतात, कोल्हापूर, बेळगाव आणि गोव्यासोबत. प्रवासाच्या किमान बारा महिने आधी बोलणी सुरू व्हावीत. रोटरीचे वर्ष 1 जुलैला बदलते आणि पदाधिकारीही बदलतात. मार्चमध्ये उत्साहाने ठरलेले दौरे ऑगस्टमध्ये थंडावतात, ते याच कारणाने. म्हणून पत्रव्यवहारात दोन्हीकडच्या पुढच्या वर्षीच्या पदाधिकाऱ्यांना पहिल्या दिवसापासून घ्या.

करार एका पानाचा पुरे, पण त्यात या गोष्टी स्पष्ट असाव्यात: दोन्ही भेटींच्या तारखा, गटाची संख्या, एका घरी किती रात्री, हॉटेलातल्या जेवणाचे आणि संग्रहालयांच्या तिकिटांचे पैसे कोण देणार, एका गावाहून दुसऱ्या गावी कोण नेणार. एका क्लबकडे किमान तीन रात्री मागा. दर दोन दिवसांनी घर बदलले की पेट्या भरण्यातच वेळ जातो आणि यजमानाशी ओळख होता होता निरोप घ्यावा लागतो. पाचव्या-सहाव्या दिवशी एक पूर्ण मोकळा दिवस ठेवा.

कार्यक्रम ठरवताना आपण काही कळवले नाही, तर प्रत्येक क्लब तोच नगरभवन आणि संग्रहालयाचा फेरा दाखवतो. गटातल्या लोकांचे व्यवसाय कळवा आणि नेमके मागा: फळप्रक्रिया करणारी सहकारी संस्था, मासळीचा लिलाव, गावची शाळा, वृद्धांचे निवासस्थान.

कागदपत्रे

शेंगेन देशांसाठी (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन पाने कोरी असलेला हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते पंधरा दिवस आधीपर्यंत देता येतो. गटाने तीन महिने आधी द्यावा. प्रौढाचे शुल्क 90 युरो. विमा किमान 30,000 युरोंचा. ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज. बोटांचे ठसे प्रत्यक्ष जाऊन द्यावे लागतात; गेल्या 59 महिन्यांत दिले असतील तर बहुधा पुन्हा लागत नाहीत. यजमान डिस्ट्रिक्टच्या निमंत्रणपत्रात प्रत्येकाचे नाव पासपोर्टवर आहे तसेच, घराच्या पत्त्यांसह आणि तारखांसह असावे.

आपल्याकडे अडते ते दोन ठिकाणी. पहिले, बागायतदाराचे उत्पन्न शेतीचे, त्यामुळे अनेकांकडे आयकर विवरणपत्रच नसते. अशांनी सातबारा, आंबा-काजू विक्रीच्या पावत्या आणि बँकेचा सहा महिन्यांचा उतारा जोडावा. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर नोटरी करून घ्यावे. अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम मोठी रक्कम भरली तर शंका वाढते. दुसरे, लग्नानंतरचे नाव आधारवर वेगळे, पासपोर्टवर वेगळे. हे आठ महिने आधी तपासा. नव्या 36 पानी पासपोर्टला 1,500 रुपये लागतात आणि तत्काळला वर 2,000, पण पडताळणीचा वेळ गावागणिक बदलतो.

यजमानांना पाठवायचा तक्ता

दौऱ्याचा निम्मा सुखदुःखाचा हिशेब या एका पानावर ठरतो. नुसते 'व्हेज' लिहून भागत नाही. अंडे चालते का, मासे चालतात पण मांस नाही असे आहे का, गोमांस आणि डुकराचे मांस वर्ज्य आहे का, चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध साकळवण्यासाठी वापरलेले वासराच्या जठरातले द्रव्य) चालते का, हे वेगवेगळे लिहा. कोकणात सोमवारी-गुरुवारी मासे न खाणारी घरे खूप. यजमानाने बुधवारी मासे वाढले आणि गुरुवारी तुम्ही हात आखडलात, तर त्याला आपलेच काही चुकले असे वाटते. म्हणून दौऱ्यातले वार, संकष्टी, एकादशी तारखांनिशी मांडा आणि उपासाला काय चालते तेही लिहा: उकडलेले बटाटे, फळे, दही. कुत्र्या-मांजरांची अ‍ॅलर्जी, जिना चढता येतो का, घोरणे, रोजची औषधे हेही लिहायला लाजू नका. औषधांच्या चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचे मूळ नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या.

काय न्यावे

युरोपीय संघात प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत; म्हणजे पेढे, खव्याचे मोदक, तूप बाद. फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, त्यामुळे हापूसची पेटी इथेच राहू द्या. गोट्या खोबऱ्याला तेलामुळे आपल्याच विमानतळावर सुरक्षा तपासणीत अडवतात. सुकी मासळी नियमात बसते, पण परक्याच्या कपाटाला तो वास महिनाभर राहील. भाजलेले काजू, आंबापोळी, फणसपोळी, आमसुले आणि सावंतवाडीची लहान लाकडी खेळणी किंवा गंजिफा (हाताने रंगवलेले पत्ते) न्या. आगळाची (कोकमाच्या घट्ट रसाची) बाटली नेऊ नका. ती पेटीत फुटली तर कपड्यांवरचा डाग निघत नाही.

प्रत्येक क्लबसाठी आपल्या क्लबचा एक बॅनर (क्लब एकमेकांना देतात ते लहान निशाण) आणि वर दोन जादा. भेटवस्तू सगळ्या घरांना सारख्या द्या. यजमान एकमेकांना दाखवतात.

क्लबच्या सभेत सहसा पंधरा-वीस मिनिटे मिळतात. पहिल्याच चित्रात मुंबई आणि गोवा दाखवून त्यांच्यामध्ये आपला जिल्हा दाखवा. पुढे तीनच विषय घ्या, उदाहरणार्थ रत्नागिरीची कातळशिल्पे, 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेले सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग, पिंगुळीची चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगण्याची लोककला). या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, हे आवर्जून सांगा.

नाच करायचा तर फुगडी-झिम्मा सर्वांत सोयीचा. वाद्य लागत नाही, पेटीत जागा लागत नाही आणि यजमान बायकांना हात धरून आत ओढता येते. गुळगुळीत लाकडी जमिनीवर मोजे घालून फुगडी घालू नका, पाय सटकतो. अनवाणी खेळा आणि साठीपुढच्या यजमानांसोबत दोन फेऱ्यांवर थांबा.

यजमानाच्या घरी एक दिवस आपण रांधावे. उकडीच्या मोदकांसाठी अर्धा किलो तांदळाची पिठी आणि अर्धा किलो गूळ इथून न्या. खवलेले गोठवलेले खोबरे तिथल्या आशियाई दुकानात मिळते. चार वाट्या घ्या, त्याला दोन वाट्या गूळ. पिठीच्या वाटीला वाटी पाणी घेऊन उकड काढा, पंचवीसेक मोदक होतात. उकड गार झाल्यावर मळली तर पाकळ्या फाटतात, म्हणून गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळा. अ‍ॅल्युमिनियमचे मोदकपात्र नेण्याचा खटाटोप नको: तिकडे बऱ्याच घरांत इंडक्शनची शेगडी असते आणि त्यावर ते तापतच नाही. सोलकढीसाठी आमसुले अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा, पाणी पूर्ण निवल्यावरच डब्यातले नारळाचे दूध घाला, नाहीतर ते फाटते.

घरात राहताना

तिकडच्या बऱ्याच न्हाणीघरांत जमिनीला मोरी नसते. पडदा टबच्या आत सोडूनच अंघोळ करा. बादली-तांब्याची सवय असलेल्याने बाहेर सांडलेले पाणी खालच्या मजल्याचे छत खराब करते. वॉशिंग मशीन विचारून लावा. रात्री दहानंतर गावी मोठ्याने व्हिडिओ कॉल करू नका.

गटप्रमुखाकडे प्रत्येकी 100 युरोंचा समाईक निधी जमा करा. न ठरलेले जेवण, तिकिटे, यजमान चालकांचे पेट्रोल यातून जाते. रोज संध्याकाळी खर्च वहीत लिहा, पावत्या जपा आणि परतल्यावर दोन आठवड्यांत हिशेब देऊन उरलेले वाटून टाका.

एखाद्या घरी जमलेच नाही, म्हणजे खोली फार थंड असेल, कुत्र्याचा त्रास होत असेल, तर सभासदाने ते गटप्रमुखाला त्याच दिवशी सांगावे. गटप्रमुखाने यजमान क्लबच्या समन्वयकाशी एकट्याने बोलावे. दहा जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तक्रार टाकली, तर ती तासाभरात यजमानापर्यंत पोहोचते. घर बदलताना भेटवस्तू आणि आभाराचे पत्र पहिल्याही घरी द्यावे, आणि कारण सांगताना फक्त तब्येतीचे सांगावे.