हीलरच्या हातांची पेशींवर टेस्ट नीट कशी घ्यायची
रेकी वगैरेंनी, म्हणजे हात जवळ धरून करायच्या हीलिंगनं, पेशी जोमानं वाढतात का हे लॅबमध्ये बघायचंय ना, मग एक गोष्ट आधी पक्की करा. पेशींना हीलिंग कळो न कळो, ऊब, गारवा आणि हवा मात्र लगेच कळते. इन्क्युबेटरमध्ये ३७ डिग्री आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, प्लेट बाहेर काढली की ती गार होते, गॅस उडून जातो, पीएच चढतो, फिनॉल रेडवालं मीडियम (पेशी वाढतात ते द्रव, त्यात पीएचप्रमाणे बदलणारा रंग असतो) गुलाबी-जांभळं व्हायला लागतं आणि वर तळहातांची ऊब असतेच. म्हणून हीलरची प्लेट बाहेर आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेची प्लेट, आत, असा प्रयोग असेल तर मी तरी तो धरणार नाही.

एकाच फ्लास्कमधल्या पेशी मोजून सगळ्या प्लेटमध्ये सारख्या टाका, त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी चालतील, रात्रभर चिकटू द्या. मग चिठ्ठ्या टाकून तीन गट पाडा, मनानं नाही. एका गटावर हीलर, दुसऱ्यावर हीलिंग न शिकलेला माणूस, तेवढ्याच अंतरावरून तेवढाच वेळ हात धरून, आणि त्यानं मनात उलटे आकडे मोजत बसायचं, तिसरा गट नुसता टेबलावर तेवढाच वेळ. ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये कडेच्या वेल सोडा, तिथलं मीडियम लवकर आटतं.

प्लेटवर गटाऐवजी कोड घालणारा वेगळा आणि मोजणारा वेगळा हवा, म्हणजे कुठली प्लेट कुणाची हे मोजणाऱ्याला कळत नाही, यात तडजोड नको. १९९८ साली जामा या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एमिली रोझाचा प्रयोग छापून आला, तो केला तेव्हा ती ९ वर्षांची होती, मध्ये आडोसा ठेवून थेरप्युटिक टच (हेही हात जवळ धरून करायचं हीलिंग) करणाऱ्या २१ जणांना विचारलं माझा हात तुमच्या कुठल्या हाताजवळ आहे, बरोबर उत्तरं ४४ टक्के. म्हणजे नुसत्या अंदाजानं येतील त्याहून कमीच, आणि दिसत नव्हतं म्हणूनच हे कळलं!

मोजायला एमटीटी ही रंगावरची चाचणी सोपी, ५७० नॅनोमीटरच्या आसपास रीडिंग घ्या, पण ती पेशींची संख्या नाही, त्यांचं चयापचय दाखवते, म्हणून सोबत ट्रिपॅन ब्लू हा रंग लावून मोजणी कराच, मेलेल्या निळ्या दिसतात. आणि एका प्लेटच्या ६० वेल म्हणजे ६० प्रयोग नव्हेत हो, तो एकच, वेगवेगळ्या दिवशी नव्या पेशी घेऊन परत करावा लागतो, किती वेळा ते आधीच लिहून ठेवा.

हीलर न बोलावताही तेवढ्याच फेऱ्या करा, सगळं तसंच, तिथेही गटांत फरक दिसला तर गडबड तुमच्या सेटअपमध्ये आहे, आधी ती शोधा.