सी ड्राइव्हमध्ये जागा आहे, पण ती लिनक्ससाठी सुटत नाही?

विंडोजच्या जोडीला लिनक्स (दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायची आहे. सी ड्राइव्हमध्ये १५० जीबी रिकामे दिसतात, पण विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधला ड्राइव्ह लहान करणारा पर्याय, 'श्रिंक व्हॉल्यूम', जेमतेम १०-१५ जीबी सोडायला तयार होतो. कारण विंडोजच्या न हलणाऱ्या फाइली ड्राइव्हच्या मध्येच ठाण मांडून बसलेल्या असतात. त्या तात्पुरत्या हटवा:

१. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'powercfg /h off' ही कमांड द्या. हायबरनेशन फाइल (पीसी बंद करताना चालू काम जिच्यात साठतं ती) जाते, फास्ट स्टार्टअप (विंडोज झटपट सुरू करायची सोय) ही बंद होतं; ते लिनक्ससाठी तसंही बंदच हवं.
२. व्हर्च्युअल मेमरीच्या सेटिंगमध्ये 'नो पेजिंग फाइल' (रॅम कमी पडल्यावर डिस्कवर वापरली जाणारी फाइल नको) निवडून 'सेट' दाबा.
३. सी ड्राइव्हचं सिस्टिम प्रोटेक्शन बंद करा. जुने रिस्टोअर पॉइंट (विंडोज आधीच्या स्थितीत नेण्यासाठी जपलेल्या नोंदी) जातील, जाऊ द्या.
४. रीस्टार्ट करून पुन्हा श्रिंक करा. आकडा एमबीत लागतो: ६० जीबीसाठी ६१४४०.

सुटलेली जागा 'अनअलोकेटेड' (कोणत्याही ड्राइव्हला न दिलेली) च ठेवा, तिथे नवा ड्राइव्ह बनवू नका. लिनक्सचा इन्स्टॉलर ती वापरतो. मग पेजिंग फाइल आणि प्रोटेक्शन परत चालू करा.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. बॅकअप तर हवाच.