मराठवाड्यात पहिले प्रवाळ मत्स्यालय उभारताना

प्रवाळांसह खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय घरी ठेवायचे ठरले की पहिली चौकशी सहसा माशांची होते. छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा परभणीत राहणाऱ्याने मात्र आखणीची सुरुवात पाणी, उन्हाळा आणि वीज यांपासून करावी; मासे निवडायला पुढे भरपूर वेळ मिळतो.

तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे १८० लिटर पाणी मावते. नवशिक्याने याहून लहान टाकी घेऊ नये, कारण पाणी जितके कमी तितके त्याचे तापमान आणि क्षारता लवकर बिघडतात. समुद्राच्या पाण्याची क्षारता दर हजारी ३५ भाग असते. त्यासाठी लिटरमागे साधारण ३६ ग्रॅम, म्हणजे पहिल्या भरणीला साडेसहा किलो, मत्स्यालयासाठीचे तयार सागरी मीठ लागते. स्वयंपाकाचे मीठ यासाठी निरुपयोगी आहे आणि कोकणातून कॅन भरून किनाऱ्याचे पाणी आणण्याच्या फंदातही पडू नये. क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने मोजावी आणि ते उपकरण ३५ भागांच्या प्रमाणित द्रावणावर अधूनमधून जुळवून घ्यावे.

हे मीठ ज्या पाण्यात कालवायचे, त्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, शून्य असायला हवा. आपल्याकडील बहुतेक बोअरचे पाणी जड असते आणि घरगुती आरओ त्याला पुरा पडत नाही. पिण्याच्या पाण्याला चव राहावी म्हणून अनेक यंत्रांत थोडे मूळ पाणी परत मिसळण्याची सोय असते, ती बंद करून पुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या बारीक मण्यांचा, टप्पा जोडावा लागतो. शिवाय पाणी उडून जाते तेव्हा मीठ मागेच राहते, म्हणून घट भरून काढताना नेहमी गोडे शुद्ध पाणीच घालावे. उन्हाळ्यात अशा टाकीतून रोज चार लिटर पाणी सहज उडते. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे धरले तर महिन्याची गरज दोनशे लिटरांच्या आसपास जाते आणि आरओ एका लिटरमागे तीन लिटर सोडून देतो असे मानल्यास सहाशे लिटर पाणी बाहेर पडते. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हा हिशेब आधीच मांडलेला बरा. सोडलेले पाणी पिंपात धरून फरशी आणि शौचालयासाठी वापरावे. त्यातले क्षार वाढलेले असल्याने कुंड्यांना ते रोज घालू नये.

टाकीचे तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहायला हवे, आणि मे महिन्यात बाहेर पारा ४२ अंशांवर असतो. इथली कोरडी हवा आपल्या बाजूची आहे: पृष्ठभागावर तिरपा वारा सोडणारे छोटे पंखे मुंबईच्या दमट हवेपेक्षा इथे कितीतरी चांगले काम करतात. मात्र त्याच खोलीत पाण्याचा कूलर चालू असेल तर हवा ओलसर होऊन पंख्यांचा प्रभाव घटतो. खोली भर दुपारी पस्तिशीपार जात असेल तर चिलर (टाकीचे पाणी थंड करणारे यंत्र) किंवा वातानुकूलन अटळ आहे, आणि तो खर्च टाकीच्या किमतीइतकाच पक्का धरून चालावे. चिलर स्वतः गरम हवा फेकतो, म्हणून तो बंद कपाटात ठेवू नये. थंडीसाठी शंभर वॉटचे दोन हीटर पुरतात. एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो.

वीज गेली की पहिला धोका प्राणवायूचा असतो. इन्व्हर्टरवर दिवे न घेता वेव्हमेकर, म्हणजे टाकीतले पाणी खेळते ठेवणारा छोटा पंप, घ्यावा. पंधरा वॉटचा वेव्हमेकर घरगुती बॅटरीवर रात्रभर आरामात चालतो. दुसरा धोका जमिनीवर दिसतो. पंप थांबताच वरच्या टाकीतले पाणी परतीच्या नळीतून उलटे खाली सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीखालच्या जोडटाकीत, उतरू लागते, आणि ते नळीचे तोंड उघडे पडेपर्यंत थांबत नाही. म्हणून नळीला पाण्याच्या पातळीलगत बारीक छिद्र पाडावे, मुद्दाम बटण बंद करून सम्प कुठवर भरतो ते पाहावे आणि त्या अंदाजाने सम्पमधील नेहमीच्या पातळीची खूण करावी. एकदिशा व्हॉल्व्हवर भरवसा ठेवू नये. त्यात कचरा अडकतोच. सर्व वायर प्लगखाली लोंबत्या ठेवाव्यात आणि या जोडणीला आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारे बटण) बसवावा.

काच, दगड, पाणी आणि स्टँड मिळून वजन अडीचशे किलोंच्या पुढे जाते, तेव्हा जुन्या माळवदाच्या घरात टाकी खालच्या मजल्यावर जमिनीवरच हवी. काच जोडणाऱ्याकडून बुरशीनाशक नसलेलेच सिलिकॉन वापरून घ्यावे. स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारे यंत्र), सम्पमधले पाणी वर चढवणारा परतीचा पंप आणि निळ्या प्रकाशाचे एलईडी दिवे हे उरलेले मुख्य साहित्य. वाळू अ‍ॅरागोनाइट या चुनखडीच्या खनिजाची घ्यावी, गोदावरीची नको.

खडक घेताना कायदा लक्षात ठेवावा. सर्व कठीण प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे आणि समुद्रघोडेही त्यात येतात. भारतीय समुद्रातून काढलेले प्रवाळ किंवा त्यांचे सांगाडे विकत घेणे हा गुन्हा आहे. कृत्रिम सच्छिद्र दगड वापरून कायदेशीर मार्गाने वाढवलेले मऊ प्रवाळ, उदाहरणार्थ मश्रूम किंवा लेदर, बिलासह घ्यावेत. झोअँथिड हे प्रवाळांसारखे जीव हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावा. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकते.

दगड आणि पाणी भरल्यावर अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दर हजार लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात घातलेला अमोनिया चोवीस तासांत संपून नायट्राइटही शून्य दिसू लागल्यावरच जीव आणावा. मध्ये तपकिरी थर चढतो, तो आपोआप ओसरतो.

सुरुवात गोगलगाई आणि हॅचरीत वाढलेल्या क्लाउनफिशच्या जोडीने करावी. टँग जातीचे मासे या आकाराच्या टाकीत मावत नाहीत. मुंबईहून रात्रीच्या प्रवासाने आलेली पिशवी बंद ठेवूनच वीस मिनिटे पाण्यावर तरंगवावी. पिशवी उघडताच साचलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि मुरलेला अमोनिया विषारी होतो. म्हणून दोन्ही पाण्यांची क्षारता जुळत असल्यास लांब प्रवासानंतर थेंबाथेंबाने मिसळत बसू नये, मासा जाळीने काढून लगेच वेगळ्या निरीक्षण टाकीत सोडावा. औषधात तांबे असेल तर ते त्या टाकीपुरतेच ठेवावे, आणि मुख्य टाकीच्या खोलीत डासांचा स्प्रे मारू नये, कारण कोळंबी आणि खेकडे त्याने सर्वांत आधी दगावतात. पार्सल एप्रिल-मेमध्ये न मागवता दिवाळीनंतर मागवावे.