रेबीजच्या लशीचा तुटवडा असताना कुत्रा चावल्यास काय करावे

कुत्रा चावल्यावर धावतपळत आरोग्य केंद्र गाठावे आणि तिथे ‘लस संपली आहे, परवा या’ असे ऐकावे लागावे, हा अनुभव अनेक गरीब देशांत नित्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजने दरवर्षी सुमारे 59,000 माणसे दगावतात; त्यांतील बहुतेक आशिया आणि आफ्रिकेतील असतात आणि दहांपैकी चार जण पंधरा वर्षांखालील मुले असतात. लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो. मात्र चावा आणि लक्षणे यांच्यामध्ये सहसा दोन-तीन महिने जातात, क्वचित एखादा आठवडा, तर क्वचित वर्षही. आपल्या वाट्याला यांतील कोणता काळ आला आहे हे आधी कळत नसल्यामुळे लस मिळेपर्यंतचा एकही दिवस वाया घालवू नये.

पहिले काम लशीवर अवलंबून नाही. जखम वाहत्या पाण्याखाली धरून साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. पंधरा मिनिटे हा बराच मोठा वेळ असतो. दोन मिनिटांतच ‘झाले की’ असे वाटू लागते, म्हणून घड्याळ समोर ठेवावे. दात खोल रुतले असतील तर जखमेची तोंडे उघडी करून आतपर्यंत पाणी जाऊ द्यावे. नळ नसेल तर दुसऱ्याने तांब्याने संथ धार धरावी. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावावे. तिखट, चुना, पाल्याचा रस यांपैकी काहीही जखमेवर चोळू नये, कारण त्यांनी विषाणू मरत नाही, उलट जखम चिघळते. घट्ट पट्टी बांधू नये, आणि टाके शक्यतो टाळावेत. घालावेच लागले तर जखमेत सिरम, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडे, भरल्यानंतरच घालावेत.

यानंतर जखम कोणत्या वर्गातली आहे हे ठरवावे, कारण तुटवड्याच्या काळात सारी वाटणी त्यावरच होते. प्राण्याला नुसता हात लागला किंवा त्याने धडधाकट कातडी चाटली, तर तो पहिला वर्ग होय आणि त्याला लस लागत नाही. भीतीपोटी अशा माणसाने घेतलेला डोस खऱ्या जखमीच्या वाट्यातून जातो, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. रक्त न येता उठलेला ओरखडा किंवा कपड्याने न झाकलेल्या कातडीवर हलके दात लागणे हा दुसरा वर्ग असून त्याला लस हवी. दात किंवा नखे कातडीच्या आत गेली असतील, लाळ डोळ्यांत, तोंडात किंवा आधीच्या जखमेवर पडली असेल, किंवा वटवाघळाशी थेट संबंध आला असेल, तर तो तिसरा वर्ग. त्याला लस आणि सिरम दोन्ही लागतात. मुले ओरडा खाण्याच्या धास्तीने ओरखडा लपवतात, म्हणून कुत्र्याशी खेळून आलेल्या मुलाचे हातपाय, मान आणि केसांखालची कातडी उजेडात तपासावी. गरोदर स्त्री आणि तान्हे बाळ यांनाही ही लस देता येते. ‘नंतर बघू’ असे कोणी म्हटले तर ते मानू नये.

आता लशीचा शोध. केंद्रावर जाऊन ‘लस आहे का’ एवढेच विचारू नये, तर ‘त्वचेत देता का’ असेही विचारावे, कारण पुष्कळदा तुटवड्याची गाठ इथेच सुटते. स्नायूत लस द्यायची तर प्रत्येक डोसला एक पूर्ण कुपी लागते. त्वचेत देताना मात्र दोन ठिकाणी मिळून केवळ 0.2 मिलिलिटर लस पुरते. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेल्या पद्धतीत पहिल्या डोसचा दिवस शून्य धरून हे शून्य, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी द्यायचे असते. म्हणजे एका रुग्णाला तीन खेपांत एकूण 0.6 मिलिलिटर लागते, आणि एक मिलिलिटरच्या एकाच कुपीत एका दिवशी चार-पाच जणांचे काम भागू शकते. सुई बरोबर लागली असेल तर टोचल्या जागी संत्र्याच्या सालीसारखा बारीक खड्ड्यांचा लहानसा फुगवटा उठतो. तो न उठल्यास लस कातडीखाली गेलेली असते आणि जवळच दुसऱ्या जागी पुन्हा टोचावे लागते. अडचण अशी की उघडलेली कुपी 2 ते 8 अंशांत ठेवून सहा ते आठ तासांत संपवावी लागते, म्हणून एकट्या रुग्णासाठी ती उघडायला कर्मचारी कचरतात. त्यावर उपाय म्हणजे परिसरातील केंद्रांनी मिळून एक केंद्र निवडावे आणि सर्व जखमींना तिथेच पाठवावे. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत ती जुन्या लशीची. त्या भीतीने कोणी घरी बसू नये.

सिरम, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, हे लशीहूनही दुर्मीळ असते. लशीमुळे शरीरात स्वतःची प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण आठवडा लागतो आणि तेवढ्या काळापुरते सिरम जखमेतच पहारा देते. म्हणून ते जखमेत आणि जखमेभोवतीच भरायचे असते. उरलेले दंडात किंवा मांडीत टोचून वाया घालवू नये, ते निर्जंतुक राखून दुसऱ्या रुग्णासाठी वापरता येते. साठा थोडा असल्यास डोके, मान आणि हात यांवरील चावे, अनेक किंवा खोल जखमा आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना प्राधान्य द्यावे. सिरम मिळाले नाही म्हणून लस थांबवू नये. पहिल्या डोसनंतर सात दिवसांपर्यंत ते देता येते, त्यानंतर मात्र त्याची गरज उरत नाही.

मधला एखादा डोस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, राहिलेला डोस लवकरात लवकर घेऊन पुढे जायचे असते. त्याच कंपनीची लस मिळेना, किंवा दुसऱ्या केंद्रावर स्नायूत देत असतील, तरी नाइलाजाने तो बदल चालतो. ‘आमच्याकडे सुरू केली नाही, म्हणून देणार नाही’ असे उत्तर मिळाल्यास हे शांतपणे पण ठामपणे सांगावे.

चावलेला कुत्रा ओळखीचा असेल तर त्याला मारू नये. बांधून दहा दिवस लक्ष ठेवावे. कुत्र्याच्या लाळेत विषाणू लक्षणांच्या थोडेच दिवस आधी उतरतो, त्यामुळे दहाव्या दिवशी तो ठणठणीत असेल तर उरलेले डोस थांबवता येतात. मात्र या दहा दिवसांसाठी पहिला डोस अडवून धरू नये. मांजरालाही हाच नियम लागू पडतो. वटवाघूळ किंवा रानटी प्राणी असेल तर तो लागू पडत नाही.

केंद्राची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांनी लशीची मागणी मागील वर्षीच्या वापरावरून न काढता चाव्यांच्या नोंदवहीवरून काढावी. लस नसल्याने परत गेलेला रुग्ण वापराच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. परिसरातील किमान 70 टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस टोचली गेली तर कुत्र्यांमधली संसर्गाची साखळी तुटते, आणि माणसांच्या लशीवरचा भार पुढे त्यानेच हलका होतो.

प्रत्येक डोसची तारीख, लशीचे नाव आणि टोचण्याची पद्धत लिहिलेला कागद मागून घ्यावा आणि जपून ठेवावा. पुढे पुन्हा कधी चावा झाला तर आधी लस पूर्ण झालेल्या माणसाला सिरम लागत नाही, त्वचेत 0.1 मिलिलिटरचे एकेक इंजेक्शन शून्य आणि तिसऱ्या दिवशी दिले तरी पुरते, आणि तीन महिन्यांच्या आतच चावा झाला असेल तर जखम नीट धुणे पुरेसे असते. कागद नसेल तर मात्र केंद्र त्याला नवा रुग्ण धरते आणि सगळे डोस पहिल्यापासून मोजते.