चौगुलेंची फेरी कशी धावून बघायची

फडेप्पा चौगुले आमच्या गोव्याहून चोर्ला घाटापलीकडचे, बेळगावचे. 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये ते 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत एकोणिसावे आले. हा आकडा वर्गात नुसता वाचून दाखवला तर पोरं जांभया देतात. तो पायांना कळायला हवा. त्यासाठी आधी अंतर तपासा.

मी तिथेच फसलो. मॅरेथॉन म्हणजे 42.195 किलोमीटर असं गृहीत धरून फळ्यावर लिहिलं: किलोमीटरला 4 मिनिटं 3 सेकंद. आठवडाभर ते तसंच राहिलं. मग नववीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, तेव्हाही एवढंच अंतर होतं?" नव्हतं! हे अंतर 1908 मध्ये लंडनला पहिल्यांदा धावले खरे, पण कायम झालं 1921 मध्ये. अँटवर्पचा रस्ता 42.75 किलोमीटरचा होता. म्हणजे चौगुलेंचे साडेपाचशे मीटर मीच गिळले होते.

आता नीट करू. वेळेचे सेकंद 10,245. भागिले 42.75. किलोमीटरला चार मिनिटं, जेमतेम अर्धा सेकंद कमी. 400 मीटरच्या फेरीला 96 सेकंद.

बांबोळीचा ट्रॅक मिळाला तर उत्तम. नाहीतर फुटबॉलच्या मैदानाभोवती टेपने 400 मीटर मोजा आणि दर 100 मीटरवर चुन्याची रेघ ओढा. दर 24 सेकंदांनी शिट्टी. शिट्टीआधी रेघ गाठली तरी चूकच. पहिली फेरी पोरं हमखास 80 सेकंदांत मारतात आणि खिदळतात. चौथ्या फेरीला आवाज बंद. तेव्हा सांगायचं, चौगुलेंच्या अशा जवळजवळ 107 फेऱ्या झाल्या होत्या. पहिल्या आलेल्या फिनलंडच्या कोलेहमायनेनची फेरी 86 सेकंदांची पडते. ती एकदाच धावू द्या, पुरते.

हे सगळं डिसेंबर-जानेवारीत, सकाळी सातच्या आत. मे महिन्यात मुळीच नको. गोव्यावर पोर्तुगिजांचं राज्य होतं त्या काळात, 1912 ला, त्यांचा धावपटू लाझारो स्टॉकहोमच्या उन्हात ऑलिंपिक मॅरेथॉन धावताना कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. मी रेघेजवळ पाण्याची कळशी ठेवतो, आणि ज्याचा घाम थांबला त्याला लगेच सावलीत बसवतो.

त्या नववीच्या मुलीने पाच फेऱ्या 96 वर धरल्या. सहावीला 103 लागले, तर माझ्यावरच उखडली, "सर, शिट्टी लवकर मारली तुम्ही."