आवाज बंद करा, मग पेन उचला

बॉक्सिंगची जुनी गाजलेली लढत पुन्हा लावून स्वतःचं स्कोअरकार्ड भरायला बसणार असाल तर पहिलं काम एकच: आवाज बंद करा. कमी करून भागत नाही, पूर्ण बंद. राउंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, एक नॉकडाउन (ठोसा लागून खाली पडणं) असेल तर १०-८, दोन असतील तर १०-७, एवढं येतं असं गृहीत धरलंय. चार निकषही ठाऊक असतील: स्वच्छ आणि परिणामकारक ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा, बचाव. हे सगळं पाठ असूनही नवख्यांची कार्डं फसतात, कारण ते राउंड बघण्याऐवजी ऐकत असतात.

ठोसा ग्लोव्हवर किंवा हातावर आपटला की खणखणीत वाजतो आणि रिंगजवळचा माइक तो नेमका पकडतो. तोच ठोसा बरगड्यांत रुतला तर बद्द आवाज येतो, गोंगाटात तो विरून जातो. म्हणजे अडवलेला ठोसा मोठा वाटतो आणि ज्याने समोरच्याचा श्वास अडकला तो लक्षातून निसटतो. प्रेक्षकांचंही तसंच. बहुतेकजण रिंगपासून लांब बसलेले असतात. त्यांना हात चाललेले दिसतात, ठोसा कुठे बसला ते दिसत नाही, तरी ओरडा होतो. त्यात समालोचक. त्याला सांगायला एक गोष्ट हवी असते, ती दुसऱ्या-तिसऱ्या राउंडला ठरते आणि पुढचे ठोसे त्या गोष्टीत बसतील तसे सांगितले जातात. मग विश्रांतीच्या मिनिटात रिप्ले: तीन मिनिटांतले सहा-सात सेकंद, बहुधा सर्वांत देखणे. बघणारा शपथेवर सांगेल की निर्णय माझाच आहे. पण त्याने त्या सहा सेकंदांना गुण दिलेले असतात.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे ६ एप्रिल १९८७, लास व्हेगासचं सीझर्स पॅलेस, मार्व्हिन हॅगलर विरुद्ध शुगर रे लेनर्ड. राउंड संपत आला की लेनर्ड शेवटच्या अर्ध्या मिनिटात हातांचा पाऊस पाडायचा. प्रत्येक वेळी सभागृह उठून उभं राहायचं. आवाजासकट पाहिलं तर लेनर्डने आठ-नऊ राउंड सहज घेतले असं वाटतं. आवाज बंद करून पाहा: त्या पावसातले कितीतरी ठोसे हॅगलरच्या ग्लोव्हवर आणि खांद्यांवर पडलेले दिसतील. पण लगेच हॅगलरला राउंड वाटत सुटू नका. तो पुढे पुढे येतो, रिंगचा कोपरा कापून लेनर्डची वाट अडवतो, आणि तरी त्याचे अनेक ठोसे हवेत जातात, कारण लेनर्ड तिथे राहिलेलाच नसतो. नुसतं पुढे चालत येण्याला गुण नाहीत. आक्रमण परिणामकारक असेल तरच त्याची किंमत. पहिल्या काही राउंडमध्ये हॅगलर नेहमीचा डावखुरा पवित्रा सोडून उजव्या पवित्र्यात लढला आणि ते राउंड त्याने जवळपास देऊन टाकले, हेही आवाज नसताना जास्त स्पष्ट दिसतं.

त्या रात्री बारा राउंडनंतर तीन जजांची कार्डं अशी होती: ११८-११० लेनर्ड, ११५-११३ लेनर्ड, ११५-११३ हॅगलर. एकाला दहा राउंड लेनर्डचे दिसले, दुसऱ्याला सात हॅगलरचे. रिंगशेजारी बसलेल्या, अनुभवी माणसांत एवढा फरक पडू शकतो, तेव्हा तुमचं कार्ड त्यांच्याशी जुळलं नाही म्हणून खचायचं कारण नाही.

आवाज बंद केल्याचे तोटेही आहेत. राउंड संपायला दहा सेकंद उरल्याचा इशारा ऐकू येत नाही, घंटा ऐकू येत नाही, रेफ्रीची ताकीद ऐकू येत नाही. पडद्यावर घड्याळ नसेल तर फोनवर तीन मिनिटांचा टायमर लावा. रेफ्रीकडे अधूनमधून नजर जाऊ द्या. गुण कापताना तो लढत थांबवून जजांकडे वळतो आणि खूण करतो. ती खूण हुकली की अख्खं कार्ड एका गुणाने चुकतं आणि चूक कुठे झाली ते शोधायला पुन्हा सगळे राउंड पाहावे लागतात.

व्हिडिओ निवडतानाच अर्धी लढाई हरतात काहीजण. जुन्या लढतींच्या कितीतरी प्रती कापलेल्या असतात. लावण्याआधी दोन-तीन राउंडची लांबी मोजून घ्या; घंटेपासून घंटेपर्यंत तीन मिनिटं भरत नसतील तर ती प्रत गुण द्यायला निरुपयोगी. जुनं चित्र चौकोनी असतं, ते रुंद पडद्यावर ताणलेलं असेल तर दोघांमधलं अंतर खोटं दिसतं आणि जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) पोचला की नाही ते कळत नाही. सेटिंगमध्ये जाऊन मूळ आकार करा. ‘सर्वोत्तम क्षण’ छाप कापाकापी तर लढत पाहण्याआधी अजिबात पाहू नका. राउंड कुणाचा हे त्या क्षणांच्या मधल्या कंटाळवाण्या दोन मिनिटांत ठरत असतं.

आता प्रत्यक्ष कार्ड. पेन घ्या, पेन्सिल नको. पानावर राउंडचा नंबर, दोन नावं, आणि शेजारी एक मोकळा रकाना. नजर आवडत्या बॉक्सरवर ठेवू नका. दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेवर, साधारण छातीच्या उंचीवर ठेवा. तिथून दोघांचे हात आणि डोकी एकाच वेळी दिसतात. ठोसे मोजायच्या भानगडीत पडू नका. ठोसा लागला हे ओळखायच्या खुणा पाहा: डोकं झटका खाऊन मागे जातं, घाम उडतो, पाय पुन्हा जुळवावे लागतात. पोटात लागला तर कोपर खाली येतं, तोंड उघडतं, पुढचे दोन-तीन सेकंद हात चालत नाहीत. ग्लोव्ह आणि डोकं एकत्र हललं तर तो बहुधा अडवलेला ठोसा.

राउंड संपला की लगेच पॉज करा. रिप्ले सुरू व्हायच्या आत आकडा लिहा. मोकळ्या रकान्यात एकच अक्षर: राउंड स्पष्ट असेल तर ‘स’, अटीतटीचा असेल तर ‘अ’. हे अक्षर आकड्याइतकंच महत्त्वाचं. शेवटी तुमच्याकडे ११५-११३ आणि पाच ‘अ’ असतील तर त्याचा अर्थ असा की लढत कुणीही जिंकली तरी तुम्ही त्या निकालाला दरोडा म्हणू शकत नाही. ११५-११३ आणि एकही ‘अ’ नसेल तर मात्र तुमचं मत ठाम आहे, आणि ते ठामपणे मांडा.

१०-१०, म्हणजे बरोबरीचा राउंड, देऊ नका. नियमात मुभा असते, पण नवखा माणूस तिचा आडोसा घेतो. सुरुवातीच्या लढतींत स्वतःला ती मुभाच ठेवू नका. कुणाचा तरी राउंड होता, तो शोधा. घसरला की पाडला, यात रेफ्री म्हणेल ते धरा, पडद्यावर चूक दिसत असली तरी. १९८४ मध्ये हुआन रोल्दानविरुद्ध हॅगलर पहिल्याच राउंडला खाली गेला आणि रेफ्रीने मोजायला सुरुवात केली. पाहणाऱ्याला ती घसरण वाटते, तरी कार्डावर तो नॉकडाउनच.

बेरीज तपासायची एक सोपी रीत आहे. नॉकडाउन नाही, गुणकपात नाही, बरोबरी नाही, अशा राउंडची बेरीज १९. बारा राउंडची २२८. तुमच्या दोन्ही आकड्यांची बेरीज २२८ आली नाही तर कारण सांगता आलं पाहिजे: प्रत्येक १०-१० मुळे एक वाढतो, प्रत्येक नॉकडाउन किंवा कापलेल्या गुणामुळे एक कमी होतो. हीच रीत खऱ्या कार्डांवर लावली की ती बोलायला लागतात. १० सप्टेंबर १९९३ ला सॅन अँटोनिओत पर्नेल व्हिटेकर आणि हुलिओ सेसार चावेझची लढत बरोबरीत सुटली. एक कार्ड ११५-११३ व्हिटेकर, दोन कार्डं ११५-११५. बेरीज २३०, म्हणजे त्या दोन्ही जजांनी प्रत्येकी किमान दोन राउंड बरोबरीत सोडले. व्हिटेकरच जिंकला असं मानणाऱ्या चाहत्यांचा त्या लढतीबद्दलचा राग अजून का गेला नाही, हे तो आकडाच सांगतो. मिकी वॉर्ड आणि आर्तुरो गाटी यांची मे २००२ मधली पहिली लढत दहा राउंडची, मूळ बेरीज १९०. वॉर्डच्या बाजूचं एक कार्ड ९५-९३, बेरीज १८८: एक गुण गाटीचा कमरेखालच्या ठोशासाठी कापला गेला, दुसरा नवव्या राउंडमध्ये तो खाली गेला म्हणून.

प्रत्येक राउंड स्वतंत्र, हे वाक्य सगळे ऐकतात आणि सहाव्या राउंडला विसरतात. त्यावर उपाय म्हणून चावेझ आणि मेल्ड्रिक टेलर, १७ मार्च १९९०, लास व्हेगास. टेलरचे हात वेगवान, तो राउंडमागून राउंड घेत होता. चावेझचे ठोसे कमी पण जड, आणि टेलरचा चेहरा सुजत चालला होता. अकरा राउंडनंतर दोन कार्डं टेलरच्या बाजूने १०७-१०२ आणि १०८-१०१, तिसरं चावेझच्या बाजूने १०५-१०४. बाराव्यात टेलर पडला, उठला, आणि दोन सेकंद उरले असताना रेफ्री रिचर्ड स्टीलने लढत थांबवली. शेवट माहीत असल्यामुळे लोक आधीच्या राउंडमध्येही चावेझला गुण देऊ लागतात. सुजलेल्या डोळ्याला कार्डावर जागा नाही. पाचव्या राउंडची इजा पाचव्या राउंडमध्येच मोजायची, दहाव्यात परत नाही.

१९७१ ची मुहम्मद अली-जो फ्रेझर पहिली लढत लावणार असाल तर आधी एवढं समजून घ्या: न्यूयॉर्कमध्ये तेव्हा गुण नव्हते, राउंड मोजले जायचे. निकाल ८-६-१ (शेवटचा एक राउंड बरोबरीचा), ९-६, ११-४ असा फ्रेझरच्या बाजूने. पंधराव्या राउंडचा तो प्रसिद्ध डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) आणि अलीचं पडणं, कार्डावर फक्त एक राउंड. आजच्या पद्धतीने १०-८ दिलंत तर तुमचं कार्ड त्या कार्डांशी ताडून पाहता येणार नाही. दोन वेगळी कार्डं भरा.

आपल्याकडे बरेचजण ऑलिम्पिक पाहून बॉक्सिंगकडे वळले. २००८ ला विजेंदर सिंगला आणि २०१२ ला मेरी कोमला कांस्य मिळालं तेव्हा हौशी बॉक्सिंगमध्ये जज बटण दाबून लागलेले ठोसे नोंदवायचे. ती सवय डोळ्यांत राहते: हलका स्पर्शही एक, कवटी हलवणारा हुकही एक. व्यावसायिक लढतीत ती सवय घातक. कॉम्प्युबॉक्स या ठोसे मोजणाऱ्या कंपनीच्या आकड्यांमध्येही हाच दोष आहे. रिंगशेजारी बसलेली माणसं कळा दाबून ते आकडे जमवतात, ठोशाचं वजन त्यात येत नाही. स्वतःचं कार्ड पूर्ण होईपर्यंत ते आकडे उघडू नका. नंतर मात्र जरूर पाहा, विशेषतः लेनॉक्स लुइस आणि इव्हँडर होलीफील्डच्या पहिल्या लढतीचे.

मार्गदर्शक असावा का? असावा, पण जो ‘सातवा कुणाला दिलास’ एवढंच विचारतो आणि तुम्ही सांगितल्यावर ‘कुठल्या ठोशामुळे’ म्हणून थांबतो, तो. आपलं कार्ड आधी वाचून दाखवणाऱ्याबरोबर बसू नका, तो कितीही जाणकार असला तरी. त्याच्या शेजारी बसून तुमचे डोळे कधीच तयार होणार नाहीत. प्रसिद्ध माणसांची कार्डं पाहून मग लढत पाहणं हा तर सर्वांत वाईट शॉर्टकट.

क्रम असा ठेवा. आधी लुइस-होलीफील्ड, १३ मार्च १९९९, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. लुइसचा लांब जॅब लढतीला कसा बांधून ठेवतो ते इथे उघड दिसतं, म्हणून नवख्या डोळ्यांना ती सोपी. अधिकृत निकाल बरोबरी: ११६-११३ लुइस, ११५-११३ होलीफील्ड, ११५-११५. पाचव्या राउंडमध्ये लुइसने होलीफील्डला दोरांवर झोडपलं, तरी एका जजने तो राउंड होलीफील्डला दिला. त्यानंतर गुणकपातीच्या सरावासाठी गाटी-वॉर्ड. मग चावेझ-टेलर. हॅगलर-लेनर्ड सर्वांत शेवटी. तिने सुरुवात केली तर गोंधळ होईल आणि तुम्ही नाद सोडून द्याल.

दिवसाला एक लढत पुरे. आठव्या राउंडनंतर लक्ष ढळतंच, ते सगळ्यांचं ढळतं. तिथे पाच मिनिटं उठून फिरून या. दुसऱ्यांदा तीच लढत पाहताना फक्त ‘अ’ लिहिलेले राउंड लावा, यावेळी हवं तर अर्ध्या वेगाने, आणि नवा आकडा वेगळ्या शाईने जुन्याच्या शेजारी लिहा. जुना खोडू नका. पाचपैकी दोन-तीन राउंड फिरतील. सगळेच्या सगळे एकाच बॉक्सरकडे फिरले तर मात्र पहिल्या किंवा दुसऱ्या वेळी तुम्ही पक्ष घेतला होतात. अशा वेळी कार्ड महिनाभर बाजूला ठेवा आणि तिसऱ्यांदा सगळे राउंड पहिल्यापासून पाहा.