सेकंडहँड ऑल व्हील ड्राइव्ह वॅगन घेताय? आधी खाली वाकून टायर बघा

गेल्या पावसाळ्यात माझ्या आतेभावाने मुंबई पासिंगची एक युरोपियन ऑल व्हील ड्राइव्ह वॅगन घेतली, म्हणजे लांब डिकीची आणि चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी. रंग तकतकीत, सीटचं लेदर नव्यासारखं, एसी गारेगार. रामबागेत घरासमोर नारळ फोडला आणि दोन आठवड्यांनी सगळे ओंकारेश्वरला निघाले. भेरूघाटातल्या वळणांवर गाडीच्या मागच्या बाजूने घूं-घूं आवाज यायला लागला. इंदूरला परतल्यावर गाडी लिफ्टवर चढवली, तेव्हा उलगडा झाला. पुढचे दोन टायर कोरे होते, मागचे दोन घासून गुळगुळीत. विकणाऱ्याने चारऐवजी दोनच टायर बदलून खर्च वाचवला होता. मागच्या कपलिंगमधून, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जोडणाऱ्या भागातून, निघालेलं तेल डांबरासारखं काळं होतं.

भावाने इंजिन ऐकलं होतं, पत्रा ठोकून पाहिला होता, कागद वाचले होते. टायर मात्र कुणीच पाहिले नव्हते. ही चूक जवळजवळ सगळेच करतात, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

टायर आणि मागचं तेल

कोऱ्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते. घासून ती ३ मिमी झाली, तर त्या चाकाचा घेर जवळपास ३१ मिमीने कमी होतो. म्हणजे दर किलोमीटरला पुढच्या आणि मागच्या चाकांच्या चालीत साधारण चौदा मीटरचा फरक पडतो. साध्या गाडीत पुढची आणि मागची चाकं एकमेकांना जोडलेली नसतात, त्यामुळे काही बिघडत नाही. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये ती जोडलेली असतात आणि हा फरक कपलिंगच्या किंवा डिफरेंशियलच्या (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या) अंगावर येतो. आतल्या क्लचच्या चकत्या घसरत राहतात, तापतात, त्यांची भुकटी तेलात मिसळते.

म्हणून नक्षीची खोली मोजायची छोटी पट्टी सोबत न्या आणि चारही चाकं मोजा. दोन-तीन मिमीपेक्षा जास्त फरक दिसला, तर हे किती दिवस चाललंय ते विचारा. कंपनी आणि मॉडेलही चारही टायरचं एकच हवं. टायरच्या बाजूला डीओटी (DOT) या अक्षरांच्या पुढे आकडे असतात, त्यातले शेवटचे चार वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. स्टेपनीही काढून बघा.

आता तेल. व्होल्वोच्या वॅगनमध्ये आणि स्कोडा यतीच्या ४x४ मध्ये मागच्या अॅक्सलजवळ कपलिंग असतं. लोक त्याला सरसकट हॅलडेक्सच म्हणतात. त्यात एक लिटरपेक्षाही कमी तेल असतं आणि जाणते मेकॅनिक ते साधारण तीन वर्षांनी बदलायला सांगतात. नव्या पिढीच्या कपलिंगमध्ये वेगळा फिल्टर नसतो, पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते. नुसतं तेल बदललं आणि पंप काढून जाळी धुतली नाही, तर काळा गाळ तिथेच राहतो. पंप जोर लावून लावून जळतो. तरी डॅशबोर्डवर दिवा पेटेलच असं नाही. मागची चाकं मुकाट्याने काम थांबवतात आणि मालकाला पत्ता लागत नाही.

सर्व्हिसच्या फाइलमध्ये इंजिन ऑइलची बिलं ढीगभर सापडतील. तुम्ही शोधायचं ते कपलिंगच्या तेलाचं बिल. ते नसेल, तर किंमत ठरवताना हा खर्च आधीच धरा. माझ्या मते ते एक बिल चकचकीत पॉलिशपेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

नाव क्रॉस कंट्री, पण ताकद पुढच्याच चाकांना

भारतात आलेली व्होल्वो व्ही४० क्रॉस कंट्री फक्त पुढच्या चाकांवर चालते. व्ही९० क्रॉस कंट्री मात्र खरोखर ऑल व्हील ड्राइव्ह आहे. २०१७ मध्ये आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत साधारण ६० लाख होती. २३५ हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन, ग्राउंड क्लिअरन्स २१० मिमी. यतीसुद्धा ४x२ (फक्त पुढच्या चाकांना ताकद) आणि ४x४ (चारही चाकांना) अशा दोन्ही रूपांत विकली गेली. २०१८ ची मर्सिडीज ई-क्लास ऑल टेरेन ४मॅटिक आहे, म्हणजे तिची चारही चाकं कायम ओढतात.

मागच्या दारावरचा बिल्ला बघून ठरवू नका. गाडी लिफ्टवर घ्या. गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंत जाणारा लांब शाफ्ट दिसला पाहिजे.

चालवून बघताना

सकाळी सातला, न सांगता जा. बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर इंजिन आधीच सुरू करून ठेवलेलं आहे. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरवा. गाडी अडखळली, धक्के देत चालली, तर मागे काहीतरी अडकतंय. मग ओल्या मातीच्या चढावर जा. माळव्यात पावसाळ्यात काळी माती शोधावी लागत नाही. एकाला बाहेर उभा करा आणि मागच्या चाकांवर नजर ठेवायला सांगा. पुढची चाकं चिखल उडवत फिरतायत आणि मागची नुसती बसून आहेत, असं दिसलं तर कपलिंग पकडत नाहीये.

ऑल टेरेनमध्ये एअर सस्पेंशन असतं. गाडी एक रात्र सपाट जागी उभी राहू द्या आणि सकाळी चारही कोपरे बघा. एक कोपरा खाली बसला असेल, तर हवा गळतेय.

डिझेल गाडी रोज इंदूरमध्येच पलासिया ते विजयनगर एवढीच फिरली असेल, तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काजळीने भरलेला असू शकतो. काजळी जाळायला लांब, सलग रपेट लागते, म्हणून चाचणीत गाडी बायपासवर न्याच. स्कॅनरवाल्याला काजळीचं प्रमाण आणि शेवटचं रीजनरेशन (जास्तीचं डिझेल सोडून काजळी जाळणं) किती किलोमीटरपूर्वी झालं, हे दोन्ही बघायला सांगा. अर्धवट राहिलेल्या रीजनरेशनचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी खुणेच्या वर असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर ही गाडी सोडा.

पाणी

पुराच्या पाण्यात राहिलेली गाडी पॉलिश करून विकणं सोपं आहे. सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढा, वरचा भाग धुतलेला असला तरी आतल्या पट्टीवर चिखलाची रेघ राहते. सीटखालच्या रुळांवर गंज बघा. पॅनोरमिक सनरूफच्या नळ्या तुंबल्या की पाणी पायांखालच्या कार्पेटमध्ये उतरतं, म्हणून कार्पेट वरून चाचपू नका, कोपरा उचलून खालचा स्पंज दाबा. डिकीचा तळही उघडा. वॅगनमध्ये काही इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मागच्या बाजूला असतात.

पार्ट

व्ही९० च्या इंजिनाचे बरेच पार्ट एक्ससी९० आणि एक्ससी६० च्या डिझेलशी जुळतात, ऑल टेरेनचे ई-क्लास सेडानशी. पण मागच्या दारांच्या मागे शेपटीपर्यंतचं सगळं, मागची काच, दिवे, डिकीचं झाकण, फक्त वॅगनचं. अशा गाड्या आपल्याकडे थोड्याच विकल्या गेल्या, त्यामुळे मागून कुणी ठोकलं तर पार्टची वाट बघावी लागते. सौदा करण्याआधी सर्व्हिस सेंटरला डावा टेललॅम्प किती दिवसांत मिळेल, एवढं विचारा.

कागद

इतर राज्यातली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची, तर नवा नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागतो, मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर ते उतरवायला फॉर्म ३५. मध्य प्रदेशात भरायचा रोड टॅक्स वेगळा. तो किती होईल हे किंमत ठरण्याआधी एमपी०९ च्या, म्हणजे इंदूर आरटीओच्या ऑफिसातून काढून घ्या, नाहीतर स्वस्त वाटलेली गाडी महाग पडते. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) २०१५ मध्ये बंदी आणली आणि सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. तिथल्या जुन्या यती स्वस्तात इकडे आल्या त्यामागे हे एक कारण आहे. त्या वाईटच असतील असं नाही, पण विकायचीच आहे म्हणून मालकाने शेवटच्या दोन-तीन वर्षांत खर्च टाळला असण्याची शक्यता असते. त्या काळातली बिलं नीट बघा.

आतेभावाने शेवटी चारही टायर एकदम बदलले आणि कपलिंगचा पंप नवा घातला. चकत्या वाचल्या. आता दर दहा हजार किलोमीटरला तो पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करतो, आणि नक्षी मोजायची पट्टी ग्लोव्ह बॉक्समध्येच ठेवतो.